लोहगडाचं पत्र दिल्लीला, राजगडाचं मुंबईला: पर्यटन-संस्कृतीचं निवेदन नेमकं कुणाकडे द्यायचं?

गेल्या महिन्यात लोहगडाच्या गणेश दरवाज्याच्या सावलीत आम्ही डबे सोडले, तेव्हा गटातल्या एका मुलीने मोबाइलवर लिहिलेलं निवेदन वाचून दाखवलं. वर ठळक अक्षरांत ‘मा. केंद्रीय पर्यटन मंत्री, नवी दिल्ली’. खाली चार मागण्या: पायथ्याशी आणखी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी, पावसात निसरड्या होणाऱ्या पायऱ्यांच्या कडेने आधाराचे कठडे, दरवाज्यांची माहिती देणारे मराठी फलक, आणि पायथ्याच्या गावातल्या मुलामुलींना गाइडचं प्रशिक्षण. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “ताई, एवढं पाठवलं की झालं ना?”

मागण्या चारही रास्त होत्या, पण त्यातली एकही त्या पत्त्यावर सुटणारी नव्हती. मला हे सहज कळलं नाही. काही वर्षांपूर्वी एका गडावरच्या पाण्याच्या टाक्याच्या सफाईसाठी आम्ही थेट दिल्लीतल्या एका कार्यालयाला पत्र धाडलं होतं. आठ महिन्यांनी ते तीन कार्यालयांचे शिक्के घेऊन पुण्यातल्याच एका कार्यालयात उतरलं. तिथे आम्ही पहिल्या दिवशी रिक्षाने दहा मिनिटांत पोचलो असतो. तोवर पावसाळा येऊन गेला आणि टाक्यात गाळाचा आणखी एक थर बसला. त्या मुलीचं वर्ष तसं जाऊ नये म्हणून दिल्ली आणि मुंबई शेजारी शेजारी मांडून बघते आहे. गडांवर काम करणारे गट, पेठेत वाडा असलेली कुटुंबं, छोट्या नाट्यसंस्था, होम-स्टे काढू पाहणारे, यांपैकी कुणालाही हे उपयोगी पडावं.

दिल्लीत मंत्री एक, ताकदी दोन

जून 2024 पासून गजेंद्रसिंह शेखावत हे पर्यटन आणि संस्कृती या दोन्ही खात्यांचे केंद्रीय मंत्री आहेत. त्यांच्या आधी जी. किशन रेड्डी आणि त्याआधी प्रल्हादसिंह पटेल यांच्याकडेही ही जोडी एकत्रच होती. ही जोडी कायमची मात्र नाही. 2012 ते 2014 या काळात पर्यटन चिरंजीवींकडे होतं आणि संस्कृती चंद्रेशकुमारी कटोच यांच्याकडे. 2017 ते 2019 मध्ये पर्यटन के. जे. अल्फोन्स यांच्याकडे गेलं, संस्कृती महेश शर्मांकडे राहिली. माणूस एक असो वा दोन, मंत्रालयं दोन वेगळी आहेत. सचिव वेगळे, अर्थसंकल्पातल्या मागण्या वेगळ्या. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संस्कृती मंत्रालयाला सुमारे 3,361 कोटी रुपये होते आणि पर्यटन मंत्रालयाला सुमारे 2,541 कोटी.

आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा फरक अधिकारांचा आहे. संस्कृती मंत्र्यांच्या हाती कायदा आहे. 1958 चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायदा त्यांच्या मंत्रालयाकडे आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण त्यांच्या अखत्यारीत येतं. राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून घोषित झालेल्या स्मारकाला धक्का लावला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्रसूचीत, 67 व्या नोंदीत, हा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे.

पर्यटनाचं तसं नाही. सातव्या अनुसूचीच्या तिन्ही याद्या वाचून काढा, ‘पर्यटन’ नावाची नोंद सापडत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्र्यांच्या मालकीचा ना एखादा गड, ना घाटरस्ता. त्यांची ताकद आहे ती पैशांची, प्रमाणांची आणि प्रचाराची. 1982 आणि 2002 ची राष्ट्रीय पर्यटन धोरणं, 2002 पासूनची ‘अतुल्य भारत’ मोहीम, हॉटेलांना मिळणारे तारे, पर्यटक-साहाय्यकांचं प्रशिक्षण, ‘स्वदेश दर्शन’ आणि ‘प्रशाद’सारख्या योजना, हा सगळा पसारा त्यांच्याकडे. पण योजनेतला पैसा गडाखाली यायचा तर प्रस्ताव राज्य सरकारने पाठवावा लागतो. लोहगडच्या गटाने थेट पाठवलेल्या मागणीला तिथे खिडकीच नाही.

एकाच मंत्र्यांच्या सहीने चालणाऱ्या या दोन खात्यांपैकी आपलं काम कोणत्या खात्यात बसतं, हे पत्र लिहिण्याआधी ठरवावं लागतं. ‘पर्यटन व संस्कृती मंत्री’ असं जोडून लिहिलेलं पत्र कोणत्या टेबलावर ठेवायचं हे आवक विभागालाच ठरवता येत नाही, आणि तिथे दिवस जातात.

मुंबईत विभागाचं नाव एक, मंत्री दोन

आपल्याकडे चित्र बरोबर उलटं आहे. शासननिर्णय उघडलात तर वर ‘पर्यटन व सांस्कृतिक कार्य विभाग’ असं एकच नाव दिसतं. मंत्री मात्र दोन. डिसेंबर 2024 पासून पर्यटन शंभूराज देसाईंकडे आहे आणि सांस्कृतिक कार्य आशिष शेलारांकडे. हेही नवं नाही. आदित्य ठाकरे पर्यटन मंत्री होते तेव्हा सांस्कृतिक कार्य अमित देशमुखांकडे होतं. पुढे गिरीश महाजन आणि सुधीर मुनगंटीवार अशी विभागणी झाली.

पर्यटन मंत्र्यांच्या बाजूला पर्यटन संचालनालय आणि 1975 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, म्हणजे आपलं एमटीडीसी. सांस्कृतिक कार्य मंत्र्यांच्या बाजूला सांस्कृतिक कार्य संचालनालय आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. गडकोटांवर काम करणाऱ्यांनी हे शेवटचं नाव पाठ करावं. राज्य संरक्षित किल्ल्यावर काय करायचं आणि काय नाही, ते 1960 च्या राज्य कायद्यानुसार हे संचालनालय ठरवतं.

भाषा आणखी तिसरीकडे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दिला. राज्यात मात्र भाषेचं काम मराठी भाषा विभाग बघतो, सांस्कृतिक कार्य नव्हे. पुण्यातल्या लोकांची चूक होते ती आणखी एका ठिकाणी. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ही संस्कृती खात्याची म्हणून सगळे गृहीत धरतात. ती माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आहेत. भांडारकर संस्थेतल्या हस्तलिखितांसारखा विषय असेल, तर तो खरोखर दिल्लीच्या संस्कृती मंत्रालयाच्या कक्षेतला.

तीन गड, दोन धनी

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यातले तीन आपल्या पुणे जिल्ह्यात आहेत: शिवनेरी, लोहगड आणि राजगड. बारापैकी आठ किल्ले केंद्र संरक्षित आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्य संरक्षित. म्हणजे आपल्या तिघांपैकी दोघांचा धनी दिल्लीत आणि एकाचा मुंबईत.

लोहगडावर चढताना आधी गणेश, मग नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा असा नागमोडी मार्ग लागतो. वाटेतला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक थांबून वाचा. तो फलक तुमचा पत्ता सांगतो. तिथे कठडा बसवायचा तर भोक कुठे पाडायचं, लोखंड वापरायचं की नाही, बांधकामात चुना किती, हे सगळं सर्वेक्षणाच्या संवर्धन विभागाने मंजूर करायचं. ग्रामपंचायतीने ठराव केला, आमदारांनी निधी दिला, तरी त्यांच्या परवानगीशिवाय तिथे खिळाही ठोकता येत नाही. त्यामुळे मुलीच्या यादीतली कठड्यांची मागणी मंत्र्यांच्याही आधी सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाच्या अधीक्षक पुरातत्त्वविदांकडे जायला हवी. त्यांचं कार्यालय मुंबईत सायन किल्ल्याजवळ आहे. मंत्र्यांना प्रत द्यायची ती ‘माहितीस्तव’. वार्षिक संवर्धनाच्या कामांत तुमचं काम आलं, तर पुढचं सगळं आपोआप सरकतं. नाही आलं, तर मंत्र्यांचं शिफारसपत्रसुद्धा तिथेच येऊन थांबतं.

शिवनेरीलाही नियम तेच. पण तिथे 19 फेब्रुवारीचा शिवजन्मोत्सव राज्य सरकार करतं. किल्ला केंद्राचा, सोहळा राज्याचा, बंदोबस्त जिल्ह्याचा. अशा ठिकाणी दिवाबत्ती, तात्पुरते मांडव, पाण्याचे टँकर या मागण्या जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत सुटतात, कारण त्या दिवसाआधी सर्वेक्षणाचे अधिकारीही त्याच टेबलाशी असतात. जुन्नरच्या गटांना मी नेहमी सांगते की वर्षभराची रड जानेवारीतल्या त्या तयारीच्या बैठकीत मांडा.

राजगडाची गोष्ट वेगळी आणि मला जवळची. सव्वीस-सत्तावीस वर्षं जिथे स्वराज्याची राजधानी होती, तो हा गड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी संचालनालयाच्या परवानगीने आम्ही तिथे एका खांबटाक्यातला गाळ काढला. तीस जणांची साखळी, हातोहात जाणारी घमेली, काठावर एक वही. चौथ्या दिवशी गाळातून खापराचे तुकडे निघाले. एकाला कड होती, दुसऱ्यावर बोटाने ओढलेली रेघ दिसत होती. त्याच क्षणी फावडी थांबवली, तुकडे होते तिथेच ठेवले, फोटो काढले, खोली मोजून वहीत लिहिली आणि अधिकाऱ्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस वर आला, त्याने पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधल्या, मग काम पुढे सुरू झालं. पायथ्याच्या गुंजवणे गावातून निघून चोर दरवाज्याने वर चढून तो माणूस एका दिवसात आला, तो धनी जवळ होता म्हणून. राज्य संरक्षित गडावर लोकसहभागाला मिळणारी ही जागा मला फार मोलाची वाटते. संस्थांना स्मारकाची देखभाल करता यावी यासाठी ‘महाराष्ट्र वैभव राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना’ही आहे.

केंद्राकडे ‘वारसा दत्तक घ्या’ ही योजना आहे, पण तिचा रोख मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक निधीवर. 2017 मध्ये ती पर्यटन मंत्रालयाने सुरू केली होती. 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती पुरातत्त्व सर्वेक्षणाने स्वतः काढली. पर्यटनाच्या अंगाने निघालेली योजना शेवटी दगड सांभाळणाऱ्यांच्या हाती आली, हे मला योग्य वाटतं. स्मारकापाशी कॅफे किती मोठा असावा, हे त्या स्मारकाच्या भिंतींची जबाबदारी असणाऱ्यानेच ठरवावं.

युनेस्कोच्या बाबतीत मात्र राजगडालाही दिल्ली चुकत नाही. जागतिक वारसा कराराचा सदस्य भारत देश आहे, महाराष्ट्र नाही. नामांकन केंद्राने पाठवलं आणि पुढचे अहवालही केंद्राकडूनच जाणार. राज्याने आपल्या परीने जोर लावला होता. फेब्रुवारी 2025 मध्ये शेलारांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पॅरिसला जाऊन आलं. त्यामुळे आता राजगडाच्या परिसरात एखादं मोठं बांधकाम येऊ घातलं असेल, तर मी दोन पत्रं लिहीन: एक मुंबईला संचालनालयाकडे, दुसरं दिल्लीला संस्कृती मंत्रालयाकडे, आणि दुसऱ्यात ‘जागतिक वारसा स्थळ’ हे शब्द पहिल्या ओळीत घालीन.

पैसा कोणत्या वाटेने येतो

दिल्लीचा पर्यटनाचा पैसा मोठा असतो, पण तो लांबच्या वाटेने येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने 23 राज्यांतल्या 40 पर्यटन प्रकल्पांना सुमारे 3,296 कोटी रुपये मंजूर केले. ही रक्कम राज्यांना 50 वर्षांसाठी बिनव्याजी कर्ज म्हणून मिळते. त्यात महाराष्ट्राचे दोन प्रकल्प आले: नाशिकचा रामकाल पथ आणि सिंधुदुर्गात ‘गुलदार’ या नौदलाच्या निवृत्त जहाजाभोवतीचं पाण्याखालचं संग्रहालय. दोन्हींसाठी राज्याने आराखडे करून पाठवले होते. पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या लेणी-गड पट्ट्यासाठी असं काही हवं असेल, तर पहिलं दार पर्यटन संचालनालयाचं आहे.

छोट्या पैशासाठी जिल्हा नियोजन समिती, म्हणजे डीपीडीसी, बघा. जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्के निधी गड-किल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांच्या संवर्धनासाठी ठेवण्याचा राज्याचा निर्णय आहे. पालकमंत्री या समितीचे अध्यक्ष असतात. गटांच्या बैठकांत मंत्रालयाची नावं तोंडपाठ असलेले पुष्कळ भेटतात. डीपीडीसीची बैठक कधी आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. राजगडासारख्या ठिकाणी हाच पैसा लवकर पोचतो.

केंद्राचा किल्ला आणि राज्याचा पैसा असं एकत्र होऊच शकत नाही का? होऊ शकतं. रायगडावर राज्याने प्राधिकरण नेमलं आणि केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर काम वाटून घेतलं. लोहगडासाठी तशी मागणी करायची तर ती मुख्यमंत्र्यांच्या पातळीवरची आहे, एका गटाच्या निवेदनाच्या आवाक्यातली नाही.

घराघरात पोचणारा पैसा मात्र जवळपास सगळा राज्याचा. पर्यटन संचालनालयाचं ‘आई’ हे 2023 चं महिला-केंद्रित धोरण बघा: महिला उद्योजकांनी पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या 15 लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, संचालनालय परत करतं. 2020 चं कृषी पर्यटन धोरणही आहे. मावळात घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या ठरवणाऱ्या ताईंना दिल्लीच्या होम-स्टे प्रमाणपत्रापेक्षा हे आधी उपयोगी पडेल. प्रमाणपत्र नंतर घ्यावं. परदेशी पाहुणे यायला लागले की त्याचा उपयोग होतो.

पेठेतला वाडा

शनिवारवाड्याच्या भोवती राहणाऱ्या कुटुंबांसाठी हे वेगळं लिहिते, कारण त्यांची फरफट सर्वांत जास्त. शनिवारवाडा, पाताळेश्वर आणि आगाखान पॅलेस ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. 2010 च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम प्रतिबंधित आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगीने. प्रतिबंधित पट्ट्यात जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण त्यालाही रीतसर परवानगी लागते. ही बंदी संसदेच्या कायद्याने आलेली आहे. महापालिका, राज्याचे मंत्री, केंद्राचे मंत्री, कुणालाही एखाद्या वाड्यापुरती ती उठवता येत नाही. ‘मंत्र्यांकडून करून देतो’ म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तुमच्या हाती दोन गोष्टी आहेत: दुरुस्तीचा अर्ज नकाशा आणि फोटोंसह पूर्ण करून देणं, आणि कायदा बदलावा असं वाटत असेल तर खासदारांमार्फत बोलणं.

विश्रामबागवाडा, नानावाडा, मंडई हा महापालिकेचा कारभार. तिथे हेरिटेज विभागाला भेटा, दिल्ली-मुंबई दोन्ही विसरा.

कलावंत आणि संस्था

तालमीला जागा नाही म्हणून रडणाऱ्या नाट्यसंस्थांना एवढंच सांगते: केंद्राच्या कला संस्कृती विकास योजनेत रंगमंडळांना आणि कार्यक्रमांना अनुदान आहे, त्यासाठी संस्थेची नोंदणी, काही वर्षांचं काम आणि लेखापरीक्षित हिशेब लागतात. हिशेब चोख असतील तर दिल्लीचा अर्ज करा, स्पर्धा देशभरातली आहे. ज्येष्ठ कलावंतांचं मानधन हा विषय तातडीचा. राज्याच्या योजनेत ते दरमहा 5,000 रुपये आहे. केंद्राच्या योजनेत साठीपुढच्या गरजू कलावंतांना 6,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात. गावातल्या एखाद्या ढोलकीवाल्या काकांसाठी धावपळ करत असाल तर आधी राज्याचा अर्ज भरा, कारण तो जिल्ह्यातच तपासला जातो आणि काकांना कागदांसाठी लांब जावं लागत नाही.

गणेशोत्सवाला जुलै 2025 मध्ये राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. ती घोषणा शेलारांची, म्हणजे सांस्कृतिक कार्य खात्याची. मंडळांनी पत्रं तिकडे लिहावीत.

उत्तर कुठून लवकर येतं

केंद्राची तक्रार सीपीग्राम्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर नोंदवता येते, 21 दिवसांत निकाली काढायची असा 2024 पासूनचा नियम आहे. राज्यात त्यासाठी ‘आपले सरकार’ हे पोर्टल आहे. निकाली काढणं म्हणजे काम होणं नव्हे. पुष्कळदा ‘संबंधित कार्यालयाकडे पाठवले’ एवढंच उत्तर येतं. तरी त्या उत्तरात ‘संबंधित कार्यालय’ कोणतं ते लिहिलेलं असतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

माहिती अधिकारात एक बारीक फरक आहे, तो ठाऊक नसला की अर्ज फुकट जातो. केंद्राच्या नियमांत अर्ज साधारण 500 शब्दांपर्यंत चालतो. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. लोहगडाबद्दल चार प्रश्न एकत्र विचारा, राजगडाबद्दल चार वेगळे अर्ज करा.

लोकप्रतिनिधींचाही हिशेब असाच. लोहगड मावळ मतदारसंघात, खासदार श्रीरंग बारणे. शिवनेरी शिरूरमध्ये, अमोल कोल्हे. दोघांनी लोकसभेत संस्कृती मंत्र्यांना प्रश्न विचारला तर मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि त्यासाठी सर्वेक्षणाकडून माहिती मागवली जाते. त्या एका मागणीने फायली हलतात. पुणे शहराचे खासदार मुरलीधर मोहोळ स्वतः केंद्रात राज्यमंत्री आहेत आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. त्यामुळे शनिवारवाड्याचा प्रश्न लोकसभेत आणायचा तर दुसरा सदस्य गाठावा लागेल. मोहोळ मंत्र्यांशी थेट बोलू शकतात, हा त्यांच्याकडे जाण्याचा फायदा. राजगड सुप्रिया सुळेंच्या बारामती मतदारसंघात येतो, पण तिथल्या संवर्धनाबद्दल दिल्लीत विचारलं तर ‘हा राज्य संरक्षित किल्ला आहे’ एवढंच उत्तर यायचं. राजगडासाठी आमदारांकडून विधानसभेत तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी, हीच खरी वाट.

आमचा पुरता विचार झाल्यावर त्या मुलीने निवेदन तिथेच, दरवाज्याच्या पायरीवर बसून फोडलं. कठडे आणि मराठी फलक: पुरातत्त्व सर्वेक्षण, मुंबई मंडळ, प्रत केंद्रीय संस्कृती मंत्री आणि मावळचे खासदार यांना. ‘पर्यटन’ हा शब्द तिने त्या पत्रातून काढून टाकला, मी सांगण्याआधीच. स्वच्छतागृहं आणि पाणी: संरक्षित हद्दीबाहेरची जागा दाखवून ग्रामपंचायतीच्या ठरावासह पर्यटन संचालनालयाच्या पुणे कार्यालयाकडे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. गाइडचं प्रशिक्षण: तेही पर्यटन संचालनालयाकडेच, पण स्वतंत्र पत्राने, सोबत गावातल्या इच्छुक मुलामुलींची नावं, वय आणि शिक्षण. केंद्रीय पर्यटन मंत्र्यांचं नाव तिन्ही पत्रांत कुठेच उरलं नाही.

पहिलं पत्र पावसाळा सरता सरता द्यायचं ठरलं आहे, म्हणजे पुढच्या वर्षाच्या कामांची जुळणी होताना ते समोर असेल. तिला मी बजावलं आहे की टपालाने पाठवू नकोस, हातात नेऊन दे, दुसऱ्या प्रतीवर पोच घे आणि शिक्क्याखाली आवक क्रमांक लिहिला आहे ना, ते खिडकी सोडण्याआधी बघ.